चक्र, लाट आणि मोडीचे कागद

‘रिसायकलिंग’ या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न आपल्या मंडळाच्या बैठकींत अधूनमधून निघतो. कोशकारांनी आपापल्या परीने उत्तरे दिलेली आहेत. पुनर्चक्रीकरण, पुनर्वापर, पुनर्प्रक्रिया, असे तीन-चार शब्द मराठीत आहेत आणि आपण ज्या प्रांतात राहतो तेथील हिंदीत पुनर्चक्रण आहे. यांपैकी एकही शब्द माजघरापर्यंत पोहोचलेला नाही. नगरपालिकेची गाडी दारात येऊन ओला आणि सुका कचरा निरनिराळा मागते, तेव्हा सुक्याचे पुढे काय होते असे विचारले तर घरातले शेंडेफळही ‘रिसायकल’ एवढेच म्हणते. परका शब्द घरात राहू लागला याचे आम्हांस दुःख नाही. मराठीने अरबी-फारसीचे शेकडो शब्द असेच पचविले आहेत. मात्र शब्दाबरोबर त्याची एक कल्पनाही घरात येते, आणि ती कल्पना आपल्या येथील वस्तूंना कितपत लागू पडते हे धार-देवासच्या माणसाने तरी तपासून पाहावे, असे आम्हांस वाटते.

शब्दाची फोड सोपी आहे. ‘री’ म्हणजे पुन्हा, आणि ‘सायकल’ हा ग्रीक ‘कुक्लोस’पासून लॅटिनमार्गे आलेला शब्द. कुक्लोस म्हणजे वर्तुळ, चाक. भाषाशास्त्रज्ञ हा ग्रीक शब्द, इंग्रजीतील ‘व्हील’ आणि संस्कृतातील ‘चक्र’ यांचे मूळ एकच मानतात. म्हणजे ‘पुनर्चक्रण’ हा शब्द घडविणाऱ्याने भाषांतर केले असे म्हणण्यापेक्षा दूरच्या चुलतभावाला घरी आणले असे म्हणणे अधिक बरोबर. इंग्रजीत सायकल हा शब्द प्रथम ज्योतिषाचा होता. ग्रहगतीचा फेरा, ठराविक वर्षांनी परत येणारा काळ, असा त्याचा अर्थ चौदाव्या शतकापासून आढळतो. दोन चाकांचे वाहन फार नंतरचे. आपल्याकडे मात्र ते वाहनच आधी आले, त्यामुळे ‘रिसायकल’ हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा जुन्या सायकलींच्या दुकानाची आठवण झालेले गृहस्थ आमच्या पिढीत पुष्कळ निघतील.

‘रिसायकल’ हे क्रियापद कचऱ्यासाठी जन्मलेले नाही. १९२०च्या दशकात तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून ते वापरात आले. अर्धवट शुद्ध झालेले तेल पुन्हा त्याच यंत्रातून फिरवायचे, हा त्याचा मूळ अर्थ. पुढे अर्धशतक तो तंत्रज्ञांचाच शब्द राहिला. २२ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत पहिला वसुंधरा दिन पाळला गेला आणि त्याच वर्षी पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने बोधचिन्हाची स्पर्धा लावली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा गॅरी अँडरसन नावाचा विद्यार्थी त्यात पहिला आला. एकमेकांचा पाठलाग करणारे, वळलेल्या पट्टीचे ते तीन बाण आज दुधाच्या पिशवीवरही दिसतात. त्या चिन्हात जे सांगितले आहे ते शब्दातही आहे : वस्तू फिरून मूळ जागी येते, वाया काहीच जात नाही.

आता आपले जुने शब्द पाहू. जुने तांब्या-पितळेचे भांडे ‘मोडीत’ जाते, म्हणजे त्याचा आकार मोडून धातू तेवढा वजनावर घेतला जातो. घडणावळ बुडते आणि मोडीचा भाव मिळतो. ‘भंगार’मध्ये भंग आहे. ‘रद्दी’ ही अरबी ‘रद्द’ची लेक, म्हणजे नाकारलेली, बाद ठरविलेली. बोहारीण जुने लुगडे घेऊन भांडे देई, तो सौदाही वस्तूचे रूप मोडण्याचा नव्हता, कारण लुगडे लुगडे म्हणूनच दुसऱ्या घरी जाई. आणि अगदी विरलेल्या लुगड्यांची गोधडी होई, तिच्यात आजीच्या लुगड्याचा काठ कोणता हे नातवंडांना ओळखू येत असे. या सर्वांच्या वर ‘जीर्णोद्धार’ हा शब्द. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ नव्याने उभे केले, त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो, दगड नवे असले तरी. येथे द्रव्य बदलले तरी चालते, रूप आणि नाव टिकले पाहिजे. मोडीत नेमके उलटे, द्रव्य टिकते आणि रूप जाते. इंग्रजीचा एकच शब्द ज्या दोन टोकांवर पांघरूण घालतो त्यांना आपल्या बायाबापड्यांनी शब्दांनीच वेगळे ठेवले होते.

परंतु धारमध्ये या दोहोंत न बसणारा तिसराच प्रकार उभा आहे. खरे म्हणजे उभा नाही, आडवा आहे.

धारच्या लाट मशिदीच्या आवारातील लोखंडी लाट वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. तिचे तीन तुकडे चौथऱ्यावर ठेवलेले आहेत. तिन्ही जोडले तर लांबी तेरा मीटरांहून थोडी अधिक भरते आणि वजन सात टनांच्या वर जाते. दिल्लीचा कुतुबाजवळचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरांच्या आसपास आहे, यावरून आपल्या लाटेचा अंदाज यावा. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेतील प्राध्यापक बालसुब्रमण्यम यांनी दोन्ही स्तंभांच्या धातूचा अभ्यास केला. लहान लहान लोहपिंड तापवून, एकावर एक ठोकून, सांधून ही लाट घडविलेली आहे. भोजाने ती उभारली अशी लोकपरंपरा आहे. परमार अर्जुनवर्म्याने शत्रूची जिंकलेली शस्त्रे वितळवून ती केली, असाही एक तर्क मांडलेला आढळतो. तर्क आकर्षक खरा, तथापि त्या काळी एवढे लोखंड वितळवून ओतण्याची विद्या नव्हती. शस्त्रे वापरली असतील तर ती ठोकूनच सांधावी लागली असतील.

या लाटेचा पुढील इतिहास म्हणजे एकाच वस्तूकडे निरनिराळ्या धन्यांनी कसे पाहिले त्याची जंत्रीच आहे. दिलावरखान घोरीने १४०५ मध्ये मशीद बांधली, तेव्हा जुन्या देवळांचे खांब आणि छताचे दगड तीत वापरले, आणि लाट जवळ असल्याने मशिदीला लाटेचेच नाव पडले. १५३१ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने माळवा घेतला. जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की, बहादूरशहाला ही लाट गुजरातेत न्यायची होती, पण उतरवताना ती पडली व मोडली. अकबर दक्षिणेच्या स्वारीवर जाताना १५९८ मध्ये येथे थांबला, त्याची नोंद लाटेवरच कोरलेली आहे. म्हणजे बादशहाच्या लेखी ती एक तयार पाटी झाली. जहांगीर स्वतः १६१७ मध्ये धारला आला. त्याने हुकूम दिला की, मोठा तुकडा आग्र्याला न्यावा, अकबराच्या कबरीच्या आवारात उभा करावा आणि रात्री त्याच्या टोकावर दिवा लावावा. हुकूम अमलात आला नाही. आम्ही सरकारी नोकरीत हयात घालविल्यामुळे अमलात न आलेल्या हुकमांविषयी आम्हांस एक प्रकारची आपुलकी वाटते. हा तर धारवर उपकारच झाला.

या सर्व काळात लाट कोणी मोडीत घातली नाही, हे ध्यानात घ्यावे. सात टन उत्तम लोखंड, तेही तोफांच्या काळात! विजयस्तंभ, मशिदीची खूण, नोंदीची पाटी, दिव्याचा खांब, असे तिचे काम दर वेळी बदलले किंवा बदलण्याचे घाटले, आणि वस्तू जुनी आहे म्हणूनच प्रत्येकाला ती हवी होती. या तिसऱ्या प्रकाराला युरोपातील कलेतिहासकार ‘स्पोलिया’ म्हणतात. लॅटिन ‘स्पोलियम’ म्हणजे मारलेल्या जनावराचे ओढून काढलेले कातडे, त्यावरून पाडलेल्या शत्रूच्या अंगावरून उतरवलेली शस्त्रे, त्यावरून लूट. इंग्रजीतील ‘स्पॉइल्स’ त्यातूनच आला. रोममध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या इ. स. ३१५ च्या विजयकमानीवर ट्राजन, हॅड्रियन व मार्कस ऑरेलियस यांच्या स्मारकांवरून काढलेली शिल्पे बसविलेली आहेत. रोममधील अशा दगडांसाठी सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान हा शब्द वापरू लागले. हा शब्द प्रामाणिक आहे असे आमचे मत आहे. ‘रिसायकल’मध्ये निसर्गाच्या फेऱ्याचा भास होतो, ‘स्पोलिया’मध्ये मात्र कोणाचे तरी काढून घेतले आहे हे लपत नाही. लूट, सोय, आदर, आणि कधी या तिन्हींची सरमिसळ, असे धार व मांडूच्या इमारतींत सर्वत्र दिसते. मांडूस दिलावरखानाच्या मशिदीत व १४३२ च्या मलिक मुघिसच्या मशिदीत परमारकालीन खांब आहेत. हे खांब पाहताना आम्हांस राग आणि कौतुक यांपैकी नेमके काय वाटते हे प्रत्येक खेपेस सांगता येत नाही.

येथे आपल्याच घरातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०३ मध्ये धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना एक मोठी काळी कोरीव शिळा मिळाली. ज्या वास्तूला लेल्यांच्या काळापासून भोजशाळा हे नाव रूढ झाले आणि जी कमाल मौला मशीद म्हणूनही ओळखली जाते, तिच्या भिंतीत ती शिळा बसविलेली होती. त्या वास्तूच्या वादात आम्ही येथे शिरत नाही, आमचा विषय शिळेपुरता आहे. तिच्यावर ‘पारिजातमंजरी’ नावाच्या संस्कृत नाटिकेचे पहिले दोन अंक कोरलेले आहेत. कर्ता मदन, अर्जुनवर्म्याचा गुरू, ज्याला बालसरस्वती अशी पदवी होती. नायक स्वतः अर्जुनवर्मा, काळ तेराव्या शतकाचा आरंभ. जर्मन पंडित हुल्ट्झ यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ती छापली आणि कित्येक शतके कोणाच्या कानी न पडलेले नाटक पुन्हा वाचले जाऊ लागले. अजमेरच्या अढाई दिन का झोपड्यातही चाहमानांच्या काळातील दोन नाटके अशीच शिळांवर सापडली आहेत.

आता मुद्दा असा की, ही शिळा वाचली कशी? ज्या गवंड्याने ती भिंतीत बसविली त्याने अक्षरांची बाजू आत केली. त्याला सपाट मोठा दगड हवा होता, काव्य नको होते. त्याच वास्तूत फरसबंदीत वापरलेल्या शिळांवरची अक्षरे बाहेर राहिली, आणि ती पायांखाली व टाकीखाली पुष्कळशी नष्ट झाली. ज्याने अक्षरांकडे पाठ फिरवली त्यानेच नकळत ती जपली. त्याने दगड फोडला नाही, एवढेच त्याचे श्रेय. शिळेचा चुना किंवा खडी झाली असती तर आजच्या भाषेत ‘रिसायकलिंग’ अगदी पूर्ण झाले असते, आणि मदनाचे नाव कोणास कळले नसते.

दगड फोडण्याचा हा मुद्दा एका जर्मन अभियंत्यानेही मांडला आहे. राइनर पिल्झ याने १९९४ मध्ये, जुन्या इमारतींच्या साहित्याला वाहिलेल्या एका इंग्रजी नियतकालिकाशी बोलताना तक्रार केली की, लोक ज्याला रिसायकलिंग म्हणतात ते खरे ‘डाउनसायकलिंग’ आहे. चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करतात. हवे ते ‘अपसायकलिंग’, जुन्या वस्तूला अधिक मोल देणारे. पुढे २००२ मध्ये मॅकडोना व ब्राउनगार्ट यांच्या पुस्तकाने हा विचार जगभर पसरला. चक्राला वर-खाली दिशा असते हे सांगण्यास इंग्रजीला असा नवा शब्द घडवावा लागला. तसा अनुभव त्या भाषेला जुनाच आहे. यॉर्कशायरातील बॅटली गावी १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून पुन्हा कापड विणले, त्या कापडाला ‘शॉडी’ म्हणत. अमेरिकेच्या यादवी युद्धात या कापडाचे गणवेश अंगावरच फाटू लागले, आणि शॉडी म्हणजे हलक्या प्रतीचे, असा अर्थ रूढ झाला. आज हा शॉडीचा धंदा भारतात मोठ्या प्रमाणावर कोठे चालत आला असेल? पानिपतात. जगभरच्या थंड मुलखांतले टाकलेले लोकरी कपडे तेथे येतात, रंगांनुसार निवडले जातात, पिंजले जातात आणि त्यांची घोंगडी होतात. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये ज्या भूमीवर पडले तिची ही आजची ख्याती. असो.

आता धार-देवासच्या मराठी घरांकडे वळू. पवार घराण्याची गादी धारला बसली तेव्हा एक जुने नाव पुन्हा वापरात आले, हे सर जॉन माल्कमच्याही नजरेतून सुटले नव्हते. परमारांची राजधानी, परमारवंशीय म्हणविणाऱ्या मराठे सरदारांकडे कित्येक शतकांनी परत आली, या योगायोगाची त्याने नोंद केली आहे. या गादीबरोबर देशातून आणि कोकणातून जी कुटुंबे आली त्यांनी वाडे बांधले आणि कागद लिहिले. देवासला तर दोन पात्या, दोन गाद्या, म्हणजे कागदही दुप्पट. ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस होता. नव्या राजवाड्याचे बांधकाम संपण्यापूर्वीच आधी बांधलेला भाग कसा पडू लागला होता, हे त्याने ‘द हिल ऑफ देवी’मध्ये लिहिले आहे. वाड्यांचे आज काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. सागवानी खांब आणि कोरीव तुळया कोणा हॉटेलच्या दर्शनी भागात जातात, बाकीचे भरावात. खांब खांबच राहिला, त्यामुळे त्याबद्दल आम्ही फार हळहळत नाही. लाटेचेही तेच झाले.

कागदाची गोष्ट निराळी आहे. आपल्या दप्तरांतील जुन्नरी आणि दौलताबादी कागद मुळात चिंध्या, जुने दोरखंड, पोती यांच्या लगद्याचा. म्हणजे ‘रिसायकल’ शब्द विलायतेत जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून आपले कागदी लोक तेच करीत होते, आणि निरुपयोगी झालेला कागदही पुन्हा कुंडात घालीत. लगदा करणे हे पाप असे आम्ही म्हणत नाही. देवासच्या बँक नोट मुद्रणालयात १९७४ पासून नोटा छापल्या जातात. त्यांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, आणि फाटक्या-मळक्या झालेल्या नोटा रिझर्व्ह बँकेत बारीक कातरून त्यांच्या विटा दाबतात. तेथे हानी होत नाही, कारण एका नोटेवर जे छापलेले असते ते लक्षावधी नोटांवर असते. आकड्यापुरता फरक. मोडीतील पत्र मात्र एकच असते.

आम्ही शासकीय सेवेत असताना एका कार्यालयात, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, जुन्या अभिलेखांच्या विनष्टीकरणाची मोहीम निघाली. नियम व्यवस्थित होते : कोणती नस्ती किती वर्षे ठेवायची, याचे वर्ग ठरलेले. मोडी कागदांचे बस्ते कोणत्या वर्गात घालावे हे कोणास कळेना, कारण ते वाचणारा कोणी उरला नव्हता. अखेर यादीत त्यांच्यासमोर ‘अपठनीय’ असा शेरा पडला. अपठनीय हा शेरा वाळवीने खाल्लेल्या कागदासाठी असतो, येथे तो धडधाकट कागदांना लागला. आम्हांस दोन बस्ते बाजूला काढता आले. त्यांत गावांचे झाडे, इनामांच्या सनदांच्या नकला आणि एका विहिरीच्या खर्चाचा तपशीलवार हिशेब होता, गवंड्यांची मजुरी आणि चुन्याच्या भट्टीसकट. उरलेले बस्ते तागडीत गेले आणि तेथून कागदाच्या गिरणीत. मोडीचे कागद अक्षरशः मोडीत निघाले. त्या प्रस्तावात ‘पर्यावरणहित’ असाही एक शब्द होता. तीन बाणांच्या चिन्हाने हे जे भूषण आणून दिले आहे ते आम्हांस खटकते. ‘रद्दी’ शब्दात निदान एवढी कबुली होती की, कोणीतरी हे नाकारले आहे.

खासगी घरांतून तर याहून अधिक गेले असेल. वि. का. राजवाड्यांनी वाईस मिळालेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात दप्तराचा रुमाल सोडण्यापूर्वी माणूस दोनदा विचार करतो. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. माळव्यात आपल्या जवळ सीतामऊची नटनागर शोध संस्था आहे, महाराजकुमार डॉ. रघुबीरसिंह यांनी जमविलेल्या संग्रहाची. कोट्याच्या गुळगुळे घराण्याचे मराठी दप्तर अभ्यासकांना तेथे पाहावयास मिळते. धार-देवासच्या किती घरांतून किती कागद तेथे गेले, हे प्रत्येक घराने स्वतःलाच विचारावे. माळ्यावरची पेटी उघडली आणि अक्षर लागले नाही, तरी ते अपठनीय ठरत नाही. मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने साधारण वाचता येते, आणि शिकविणारे अजून आहेत.

लेल्यांच्या शिळेबद्दल एक गोष्ट सांगावयाची राहिली. ‘पारिजातमंजरी’ चार अंकांची आहे, आणि ती दोन शिळांवर कोरलेली होती. सापडली ती पहिली. तिसरा आणि चौथा अंक जिच्यावर होता ती दुसरी शिळा मिळालेली नाही. नायिकेचे पुढे काय झाले हे त्यामुळे आजतागायत कोणास ठाऊक नाही.